ओली खुर्ची

गल्लीत तिला सगळे सूतवाली म्हणायचे. चौतीस वर्षं सुताच्या कारखान्यात काढली, म्हणून. कारखाना सुटून सहा वर्षं झाली, हातात सुताच्या जागी वेत आला, तरी नाव काही सुटलं नाही. सूत कातणाऱ्या चात्यांच्या रांगेत उभं राहून तुटलेला धागा डोळ्याआधी कानानं पकडायचा, हे तिचं काम होतं. त्यामुळे घरातही तिला आधी आवाज कळायचे. नळ कुठला गळतोय, नवरा जिन्याच्या कितव्या पायरीवर दम खातोय, सगळं.

वेताचं सुरू झालं ते जिन्याखाली कुणीतरी टाकून दिलेल्या खुर्चीपासून. बैठक फाटलेली, चौकट मात्र धडधाकट. ती उचलून तिनं गल्लीच्या टोकाला वेत विणणाऱ्या उस्तादांच्या दुकानात नेली आणि म्हणाली, "विणून नको. शिकवा." उस्तादांनी शिकवलं. पहिली बैठक त्यांनी नऊ वेळा सोडायला लावली. नवव्या वेळी तिनं विचारलंच, "आता काय चुकलं?"

"काही नाही," उस्ताद म्हणाले. "हात थकल्यावर कसा चालतो ते बघायचं होतं."

तिला ते पटलं. कारखान्यातही नव्या बाईची पारख सकाळी होत नसे, पाळी संपताना होत असे.

पण घरच्यांच्या लेखी हे सगळं वेळ घालवणं होतं. नणंद आली की म्हणायची, "छान छंद लावून घेतलास गं. बरं आहे, हात चालता राहतो."  त्या दिवशी सूतवाली भोकात खुंटी इतक्या जोरात ठोकायची की दोनदा खुंटीच मोडली. बोटाच्या पेरांना चिरा, अंगठ्याला कायमचा घट्टा, पाठीला उसण, आणि याला म्हणे छंद.

म्हणून वाचनालयाच्या चाळीस खुर्च्यांचं तिनं मनावर घेतलं होतं. त्या खुर्च्यांच्या बैठका आजवर उस्ताद विणत आले. आता त्यांचे डोळे जवळजवळ गेले होते आणि ते दुकान बंद करून दुसऱ्या गावी लेकीकडे राहायला निघाले होते. वाचनालयानं त्यांना सांगितलं होतं: तुमच्या जागी एक नाव द्या, नाहीतर आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्या आणतो. उस्तादांनी पत्र लेकीकडून लिहून घेतलं होतं, नावाची आणि कामाची जागा कोरी ठेवून. आणि त्यांचा एक हट्ट होता. ज्याचं नाव द्यायचं त्याच्या खुर्चीवर आधी स्वतः बसणार. बसल्याशिवाय त्यांनी जन्मात कुणाचं नाव सांगितलं नव्हतं.

सूतवालीची खुर्ची तयार होती. रविवारी संध्याकाळी उस्ताद जेवायला येणार आणि बसून बघणार, असं ठरलं होतं.

शनिवारी सकाळी सातला ती खुर्ची उलटी करून बघत होती. बघायचं काही कारण नव्हतं. पण झालेलं काम पुन्हा बघायचं ही तिची जुनी खोड. मागच्या दांड्यापाशी, खालच्या अंगाला, एका पट्टीत चीर दिसली. तांदळाच्या दाण्याएवढी. वरून पत्ता लागत नव्हता. बोट फिरवलं तर नखाला किंचित अडायची, एवढंच.

ती चहा निवेपर्यंत बघत बसली. मग टोच्यानं पट्टी उचलली आणि कापली.

वेताची एक पट्टी एका भोकातून वर येते, दुसऱ्यातून खाली जाते, अशी तीन-चार ओळी फिरते. एक काढली की चार ओळी जातात. त्यांच्यावरून गेलेल्या तिरप्या पट्ट्याही सोडाव्या लागतात. साडेआठपर्यंत तिनं अकरा ओळी मोकळ्या केल्या होत्या. नवा वेत बादलीत भिजवला आणि पुन्हा विणायला बसली. साडेअकराला शेवटची खुंटी काढली. कंबर सरळ केली तेव्हा तोंडातून नको तो शब्द निघाला, पण काम झालं होतं. आता दीड दिवस सुकायला मिळणार. ओला वेत सैल असतो, सुकताना आवळत जातो. पुरता सुकला की टिचकी मारल्यावर टणकन वाजतो. पण ओला असताना कुणी बसलं तर तो ताणतो आणि तसाच वाळतो. मग खुर्चीची झोळी होते. ती पुन्हा सरळ होत नाही, कापूनच टाकावी लागते.

एवढ्यात नवरा पिशवी घेऊन आला. त्याला सगळे ड्रायव्हर म्हणत. बस चालवून निवृत्त झालेला, माणसांचा भुकेला, पोटात काही न ठेवणारा. या वेळी मात्र त्यानं दोन दिवस पोटात ठेवलं होतं.

"बटाटे दोन किलो आणलेत," तो म्हणाला. "पुरतील ना पाच जणांना?"

"पाच जण उद्या आहेत."

"नाही अगं, आज. उस्ताद उद्या सकाळच्या गाडीनं चाललेत लेकीकडे. गुरुवारीच म्हणाले मला. मी म्हटलं, मग शनिवारी या."

"गुरुवारी?"

"तुला म्हटलं असतं तर तू टेन्शन घेतलं असतंस. खुर्ची तर झालीच होती की बुधवारी!"

 मग त्याची नजर जमिनीवरच्या कापलेल्या पट्ट्यांवर गेली, बादलीवर गेली, आणि त्याची पिशवी हळूच खाली टेकली.

"काय केलंस हे?"

"चीर होती."

"केवढी?"

तिनं नखानं दाखवली.

"एवढ्याला?" तो म्हणाला आणि लगेच गप्प झाला. छत्तीस वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला होता. मग म्हणाला, "शेगडीजवळ ठेवू? ऊब लागेल, पटकन सुकेल."

"हात लावू नका! भसकन सुकवला की तडकतो. खिडकीत राहू दे, सावलीत. आणि कुणाला काही बोलू नका."

"अगं, सरळ सांगून टाक ना, ओली आहे म्हणून."

"आणि मग? उद्या ते गेले. बसल्याशिवाय नाव देणार नाहीत. सोमवारी प्लास्टिक." तिनं पट्ट्या गोळा करायला घेतल्या. "संध्याकाळपर्यंत वरचं अंग सुकेल. हात फिरवून समाधान झालं त्यांचं तर झालं."

तिचं तिलाच ऐकून कसंतरी वाटलं. हात फिरवून समाधान होईल असं काम तिनं आजवर केलं नव्हतं.

घरात खुर्च्या चार. त्यातली ही एक. जेवायला माणसं पाच. तिनं शेजारून दोन स्टुलं आणली, दुपारी टेबल पुसलं, रस्सा टाकला, आणि दर अर्ध्या तासानं खिडकीत जाऊन बैठकीला पालथा हात लावला. गार लागत होती. गार म्हणजे ओली.

बेकरीवाला आणि त्याची बायको, शिवणवाली, सहा वाजता आले. या दोन जोडप्यांचा एक जुना परिपाठ होता. महिन्यातून एकदा कुणा एकाकडे जेवायचं, आपापल्या हातची एक वस्तू आणायची, ती सगळ्यांत फिरवायची आणि प्रत्येकानं तिच्यात एक तरी खोट काढायची. छान म्हणायला बंदी. हा नियम शिवणवालीचा. गिऱ्हाईक तोंडावर छान म्हणतं आणि आठ दिवसांनी कपडा उसवायला आणतं, याचा तिला वीट आला होता. जो छान म्हणेल त्यानं भांडी घासायची. चार वर्षांत फक्त ड्रायव्हरनं भांडी घासली होती, तीही सात वेळा.

बेकरीवाला दारातून आत आला की खोली लहान व्हायची. बसायची जागा तो शोधत नसे, सर्वांत चांगली खुर्ची आपली असं धरूनच चालायचा.

"वा वहिनी! खिडकीत ठेवलीत होय आमची खुर्ची?"

"ती उस्तादांची," सूतवाली म्हणाली. "तुम्ही इकडे या."

"स्टुलावर? मी?" त्यानं स्टुलाकडे बघितलं, मग स्वतःकडे. "वहिनी, हे माझ्यावर बसेल की मी याच्यावर?"

"बसा हो," शिवणवाली म्हणाली. "आजवर काय काय नाही मोडलंत, एक स्टूल अजून."

स्टूल करकरलं. सूतवालीला तो आवाज मणक्यात जाणवला.

पाच-दहा मिनिटांनी उस्ताद आले. ड्रायव्हर त्यांना दुकानापासून हाताला धरून घेऊन आला होता. आता दुकानात एक पेटी तेवढी उरली होती, बाकी सगळं देऊन झालं होतं. उस्ताद उंबऱ्यात थांबले. चष्मा होता, पण तो सवयीनं. त्यांनी मान जराशी वर केली, एक श्वास घेतला आणि विचारलं, "खुर्ची कुठाय?"

"खिडकीत. पण तिथं वारा लागतो हो, तुम्हाला बाधेल," सूतवाली म्हणाली. "जेवताना इकडे बसा. जेवण झालं की बघू."

"बरं," उस्ताद म्हणाले आणि दाखवलेल्या खुर्चीवर बसले.

जेवताना गप्पा झाल्या. नियम ऐकून उस्ताद हसले. म्हणाले, "भारी आहे. मी लग्नाआधी हा नियम केला असता तर आयुष्यभर भांडी टळली असती." सूतवालीनं वाढलं, स्वतःही चार घास खाल्ले, पण काय खाल्लं ते तिला सांगता आलं नसतं. बेकरीवाला दुसऱ्यांदा रस्सा घ्यायला उठला तसा तिचाही हात ताटावरून उठला. पाण्याचा तांब्या खिडकीशी होता. तो आणायला म्हणून बेकरीवाला तिकडे वळला आणि सहज, बोलता बोलता, त्यानं एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला, मग दुसरा, मग तो कोपरावर रेलायच्या बेतात होता.

"पाणी मी देते!"

सगळ्यांनी बघितलं. आवाज जरा मोठाच निघाला होता.

"ताई, बरं नाही का तुला?" शिवणवालीनं विचारलं.

"काही नाही. गरम होतंय."

"आत्ता तर म्हणालीस वारा लागतो," शिवणवाली म्हणाली.

ड्रायव्हर खोकला. उस्ताद पाव मोडून खात होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

ताटं उचलली आणि वस्तू टेबलावर आल्या. आधी बेकरीवाल्याचा पाव. लांबट, वरून चिरा दिलेला. ड्रायव्हर म्हणाला, कड करपली. शिवणवाली म्हणाली, चिरा सारख्या अंतरावर नाहीत, घाईत मारल्यात. उस्तादांनी तो उलटा केला, बुडावर टिचकी मारली, कान लावला. "मध्ये ओला आहे. अजून पाच मिनिटं हवी होती."

बेकरीवाल्यानं कपाळावर हात मारला. "उस्ताद, ते मला आणि देवाला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं हो!"

सूतवालीच्या हातातलं फडकं थांबलं.

मग शिवणवालीचा टेबलावरचा कपडा. चिंध्या जोडून केलेला, निळ्यात निळा मिसळत गेलेला, असा की बघणाऱ्याला हात लावावासाच वाटावा. तिच्या नवऱ्यानं कोपऱ्यात सुटलेला टाका दाखवला आणि विजयी मुद्रेनं बसला. सूतवाली म्हणाली, "कडेचं सूत बदललंयस. वरच्या बाजूला दोनपदरी, खाली तीनपदरी."

"रीळ संपलं होतं," शिवणवाली पुटपुटली. "तुझं काय बाई, तू सूतच खाल्लंयस जन्मभर."

मग ड्रायव्हरचा कोरलेला लाकडी चमचा. त्याच्यावर सगळे तुटून पडले. एकट्या चमच्यात सहा खोटी निघाल्या. चमचा डाव्या हाताच्या माणसासाठी आहे की वाकड्या तोंडाच्या माणसासाठी, यावर बराच वेळ वाद झाला. ड्रायव्हर एरवी भांडला असता. आज तो चमच्याची चर्चा लांबवत होता, एकेक खोट पुन्हा समजावून घेत होता. सूतवालीच्या ते लक्षात आलं. आयुष्यभर वेळेवर गाडी सोडणारा माणूस तिच्यासाठी वेळ काढत होता.

पण चमचा किती वेळ पुरणार?

"चला, आता खुर्ची," बेकरीवाला उठला. त्यानं पँट वर ओढली, हात चोळले. "खुर्चीची खोट बसल्याशिवाय कळत नाही. आधी मी बसतो. माझ्याखाली टिकली तर वाचनालयात शंभर वर्षं टिकली."

तीन पावलांची खोली. एक पाऊल झालं. दुसरं झालं. ड्रायव्हर अर्धवट उठला. उस्तादांनी मान वर केली आणि ते थांबून राहिले.

सूतवाली मध्ये उभी राहिली. पाठीमागे खुर्चीचा दांडा तिला टेकला.

"बसू नका. ओली आहे."

बेकरीवाल्याचे हात पँटवरच राहिले. "ओली? म्हणजे कुणी सांडलं काही?"

"सकाळी अकरा ओळी काढल्या. नव्या घातल्या. उद्या दुपारपर्यंत कुणी बसायचं नाही."

"चूक माझी आहे," ड्रायव्हर घाईघाईनं म्हणाला. "मी दिवस बदलला आणि हिला सांगितलं नाही. हिची काही—"

"तू जरा थांब," उस्ताद म्हणाले. ते उठले, टेबलाच्या कडेनं हात फिरवत खिडकीशी आले. "मला दारातच वास आला. ओल्या वेताचा. भिजलेल्या गवतासारखा येतो. म्हटलं, बघू कधी सांगते."

सूतवालीची कानशिलं तापली.

उस्ताद गुडघ्यावर बसले. सरळ बसता येईना. आधी एक हात जमिनीला, मग एक गुडघा, मग दुसरा. ड्रायव्हर पुढे झाला, त्याला त्यांनी हातानं बाजूला केलं. त्यांनी वरून बैठकीला बोटही लावलं नाही. खालून हात घातला. नवशिक्या माणसाची सगळी लपवाछपवी खालच्या अंगाला असते, गाठी, सांधे, तुकडे. त्यांची बोटं भोकाभोकानं सरकत गेली.  

मागच्या दांड्यापाशी बोटं थांबली.

"इथं?"

"तिथंच."

"काय होतं?"

"चीर. तांदळाएवढी."

"वरून दिसत होती?"

"नाही."

"मग माझ्या बापजन्मी मला कळली नसती."

"पाच वर्षांनी बसणाऱ्याला कळली असती."

उस्तादांनी हात बाहेर काढला. मग म्हणाले, "मी बसल्याशिवाय नाव देत नाही."

"माहीत आहे."

"ओलीवर बसणार नाही."

"बसूही देणार नाही मी तुम्हाला."

आता ते हसले का, हे अंधूक उजेडात कुणाला नीट दिसलं नाही. त्यांनी हात पुढे केला, तिनं त्यांना उठवलं. उठता उठता ते ड्रायव्हरच्या दिशेनं म्हणाले, "लेकीच्या गावाला सकाळनंतर गाडी कधी आहे रे?"

ड्रायव्हरला वेळापत्रक झोपेतही पाठ होतं. "दोनला एक. मग शेवटची पाच चाळीसला."

"शेवटचीनं जाईन. चारला येतो. चहा ठेवा."

रात्रभर खुर्ची खिडकीत राहिली. सकाळी सूतवालीनं उशाखालून हात काढल्याबरोबर आधी बैठकीला लावला. अजून जराशी गार. अकराला बरी. दोनला तिनं नखानं टिचकी मारली. टण्ण. तिनं पुन्हा मारली, दुसऱ्या कोपऱ्यात. टण्ण. नव्या अकरा ओळी तिनं एकेक करून दहा वेळा तपासल्या.

चारला उस्ताद आले, सोबत पेटी. ते काही न बोलता बसले. टेकून बसले, पुढे सरकून बसले, एका बाजूला कलून बसले. सूतवालीनं कपात चहा दिला. त्यांनी तो बसल्या बसल्याच प्यायला, सावकाश, अर्धा तास. ती समोर उभी. ड्रायव्हर घड्याळाकडे बघत होता आणि बघत नाही असं दाखवत होता.

कप रिकामा झाला. ते उठले, वळले, बैठकीवरून पंजा फिरवला.

"डाव्या हाताला, मागून तिसरी तिरपी. सैल आहे."

सूतवाली वाकली. तिसरी तिरपी जुन्या भागातली होती. नव्या भागाची काळजी करता करता जुन्याकडे तिनं बघितलंच नव्हतं. तिनं बोटानं दाबली. केसभर खाली गेली.

"आहे," ती म्हणाली.

"पेन आण." त्यांनी खिशातून पत्र काढलं, टेबलावर सपाट केलं. "मला दिसत नाही. तूच लिही. नाव."

तिनं नाव लिहिलं. 

"खाली कसली जागा कोरी आहे?"

"काम."

"मग लिही."

सहा वर्षं ती अशा जागी 'निवृत्त' लिहीत आली होती. तिनं पेन कागदाला लावलं, उचललं, पुन्हा लावलं. लिहिलं: वेतकाम.

"आणि तळाला लिही, आधी सहा खुर्च्या. त्या बघून बाकीच्या चौतीस." उस्तादांनी खाली सही केली, तिरकी, ओळ सोडून. मग टेबलावर चाचपून कप उचलला आणि भिंतीच्या कडेनं मोरीकडे निघाले. नळ सोडला, कप घासायला घेतला.

"अहो उस्ताद, राहू द्या की!" ड्रायव्हर धावला. "आणि तुम्ही कुठं छान म्हणालात?"

"तोंडानं नाही म्हणालो," उस्ताद म्हणाले आणि कप पालथा घातला.

पाच चाळीसची गाडी होती. ड्रायव्हरनं पेटी उचलली, उस्तादांचा हात धरला आणि दोघं जिना उतरू लागले. सूतवालीनं सातव्या पायरीवर थांबलेला दम ऐकला, मग पुढची पावलं ऐकली. पत्र तिनं डब्याखाली दाबून ठेवलं, उद्या नेण्यासाठी.

मग बादलीत पाणी भरलं, टोच्या घेतला आणि मागून तिसरी तिरपी सोडवायला बसली.